रिकामं खुराडं

ईदेला लेक येणार म्हणून मोताळ्याच्या कय्यूमचाचांनी कोंबड्यांना घराबाहेर काढलं.

लेक नाजिश पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होती. पक्ष्यांच्या फ्लूच्या विषाणूतला मारका तुकडा कापायचा, उरलेला गरीब विषाणू अंड्यात वाढवायचा आणि त्याची लस करायची, हे तिचं काम. चाचा बाजारात सांगत, "डॉक्टर लोक माणसाची नसबंदी करते, माही पोरगी तापाची करते."

पण तिथला नियम असा, की काम करून निघालं की आठवडाभर कोंबडीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. सुट्टी त्याहून लहान. आणि चाचांचं अंगण कोंबड्यांचंच. त्यांच्या अंड्यांवर तर पोरगी शिकली. बायको अमीनाबी गेल्यापासूनच्या सगळ्या ईदा फोनवर झाल्या. चाचा शीरखुर्म्याची वाटी तिला दाखवत आणि स्वतःच खात.

यंदा नाजिश म्हणाली, "अब्बा, कोंबड्या नसतील तर येते."

ईदेच्या नमाजावरून आल्या आल्या चाचांनी कोंबड्या टोपल्यांत भरल्या आणि बाजूच्या गल्लीच्या टोकाला दोस्त भगवानरावांच्या अंगणात मोकळ्या केल्या.

"सणासुदीचं पाखरायले काऊन घराबाहेर काढून राह्यला बे?" भगवानरावांनी विचारलं.

"पाखरं काय, पुन्हा आणता येतीन."

मग खुराडं धुतलं, चुना मारला. अंगण इतकं स्वच्छ झालं की चाचांनाच परक्यासारखं वाटायला लागलं.

दिवस मावळताना नाजिश फाटकाशी आली. चाचा हात पसरून धावले. तेवढ्यात तिच्या मागून, गल्लीतून, तांबडी पुढे आणि बाकीच्या मागे, अशा सगळ्या कोंबड्या आल्या आणि तिच्या आधी फाटकातून आत शिरल्या.

नाजिश झटकन रस्त्यापलीकडे गेली.

"अब्बा! नवीन जागी चार दिवस कोंडून ठेवा, हे तुम्हीच कोंबडी नेणाऱ्या गिऱ्हाइकाले सांगता ना?"

"हाव. भगवानरावाले सांगाचं राह्यलं." चाचा पडेल आवाजात म्हणाले. "तू येऊन राह्यली, तं काही सुचतच नव्हतं."

चाचांनी हात धुतले, कुर्ता बदलला, पलीकडच्या ओट्यावर शीरखुर्म्याची वाटी ठेवली आणि परत फाटकाशी येऊन उभे राहिले. मधून एक एसटी गेली. तेवढा वेळ त्यांना लेक दिसली नाही. खुराड्यात कोंबड्या आपापल्या जागेवरून भांडत होत्या.

"या बिनअकली," चाचा म्हणाले, "सांज झाली का बरोबर घरी येतात."

 नाजिशनं खालमानेनं दोन घास खाल्ले.

"अब्बा, साखर कमी पडली. इकडे आणून द्या."

साखर मुळीच कमी नव्हती. चाचा डबा आणायला पळाले.