शिंप्याच्या पायाचा गिअर

विद्या पहिल्या खेपेला गरोदर होती ते साल १९५८. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती आणि तिला पाचवा लागला होता. हेब्बाळला तिच्या सासरच्या ओसरीवर बसून सासू तानूबाई तांदूळ निवडता निवडता, व्याह्याच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आता माहेरी कुणी बाईमाणूस नाही. डोहाळे पुरवणार कोण? आपल्यालाच बघायला हवं."

विद्याची आई चार वर्षांपूर्वी वारली होती. बाप व्यंकोजी, चामराजपेटेतला शिंपी, समोरच चहा पीत बसला होता. त्याने बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "दर रविवारी मी घेऊन येईन. तिला जे लागेल ते. गरम."

नुसतं घेऊन येईन म्हणाला असता तर भागलं असतं. 'गरम' म्हणाला आणि अडकला.

विद्याला चिंचेच्या साराशिवाय पोटात काही ठरत नव्हतं, आणि तेही आईच्या हातासारखं. तसं सार चामराजपेटेत आता एकच बाई करत असे, शेजारची अंबूबाई. चामराजपेट ते हेब्बाळ सात मैल. मार्केटाजवळ बस बदलायची, पुढची बस येईल तेव्हा येईल. पहिल्या रविवारी सार पोचलं ते थंडगार, त्यातलं अर्धं डब्यात आणि अर्धं व्यंकोजीच्या धोतरावर. दुसऱ्या रविवारी बस मध्येच बंद पडली. तानूबाईंनी डबा घेतला आणि सार मुकाट्याने चुलीवर गरम करायला ठेवलं. बोलल्या असत्या तर व्यंकोजीला इतकं लागलं नसतं.

सायकल त्याला जमत नव्हती. तीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारून गुडघ्याची अशी गत झाली होती की वर-खाली म्हणाल तर दिवसभर, पण गोल फिरवा म्हटलं की कळ डोक्यात जाई. राहता राहिली ती दुकानामागची मोटरसायकल. कॅन्टोन्मेंटातला एक साहेब, ज्याचे सूट व्यंकोजीने बारा वर्षं शिवले, तो बायकोमुलांसह ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा ती व्यंकोजीला देऊन गेला होता. लढाईच्या वेळची, लष्करी हिरव्या रंगाची, एका सिलिंडरची गाडी. दोन वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती आणि कोंबड्या तिच्यावर झोपत होत्या.

व्यंकोजी नागोजीकडे गेला. नागोजी म्हणजे अंबूबाईचा नवरा, शिलाई मशीन दुरुस्त करणारा. चामराजपेटेतलं एकही पायडल असं नव्हतं की ज्याची कुरकुर त्याने ऐकली नव्हती.

"गाडी चालू कर," व्यंकोजी म्हणाला.

"मी मशीनवाला आहे रे."

"तेही मशीनच आहे. फक्त शिवत नाही."

नागोजीने आठ दिवसांत गाडी चालू केली. अडचण निघाली ती पायाची. ब्रेक डाव्या पायाला, गिअर उजव्या पायाला. गिअरचा दांडा बोटभर जाडीचा, पहिला गिअर टाकायला पावलाने तो खालून वर उचलायचा. साहेब बूट घालून चालवत असणार. व्यंकोजीच्या पायात चप्पल. तीन दिवसांत त्याच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं.

"बूट घाल," नागोजी म्हणाला.

"बुटात पाय गेला की मला तो माझा वाटत नाही. तू दांडा बदल. असं काहीतरी कर की उचलायला लागू नये, दाबलं की झालं."

नागोजीने विचार केला. वर उचलायचं काम टाचेने मागे दाबून होईल. पुढे दाबलं तर एकीकडे, मागे दाबलं तर दुसरीकडे. मध्ये एक आस. असली वस्तू तर तो जन्मभर हाताळत आला होता. त्याने खाकी कागदावर व्यंकोजीचा पाय ठेवून पेन्सिल फिरवली.

"स्वल्प सैल धर," व्यंकोजी वरून म्हणाला. "मापाला माप कापलंस तर काखेत अडेल."

"पायाला काख नसते."

"असते. तुला दिसत नाही."

मोडक्या मशीनचं एक पायडल पडलेलं होतं, जाळीदार नक्षीचं. नागोजीने त्यातला पाऊलभर तुकडा कापून घेतला. ते होतं बिडाचं, बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही, म्हणून त्याला भोकं पाडून खाली लोखंडी पट्टी बोल्टाने आवळली, आणि पट्टीतून एक सळई गिअरपेटीच्या दांड्याला जोडली. टोकं कानशीने अशी घासली की धोतर अडकू नये. काम इतकं देखणं उतरलं की त्याने ते बायकोला दाखवायला नेलं. अंबूबाई म्हणाली, "यावर पाय ठेवायचा? नमस्कार करावासा वाटतो."

रविवारी सकाळी मैदानावर परीक्षा झाली. सोबत प्रतापराव होते, पोलिसातून पेन्शन घेतलेले जमादार, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. व्यंकोजीने किक मारली. टाच दाबली, पहिला गिअर पडला. क्लच सोडला, गाडी निघाली. दहा हात गेली आणि तिच्या अंगात आलं. कर्र करून ओरडली, थबकली, पुढे उडी मारली, पुन्हा थबकली, रिकामीच गुरगुरली, पुन्हा उडी. व्यंकोजी वर-खाली होत मैदानाच्या टोकाला गेला आणि तिथे गाडी बंद पडली.

"घोडा शिकवतोय की काय?" प्रतापराव म्हणाले.

नागोजी धावत गेला. त्याने पाहिलं तर गाडी बंद होती, पण व्यंकोजीचा उजवा पाय त्या नक्षीदार पायडलावर चालूच होता. टाच, चवडा, टाच, चवडा. एका लयीत.

"अरे, पाय थांबव."

व्यंकोजीने खाली पाहिलं. "मी करत नाही रे. होतंय."

नागोजीला वाटलं, पायडल फार हलकं झालं. त्याने दणकट स्प्रिंग लावली. पुढच्या खेपेला व्यंकोजीचा पाय आणखी जोर लावून मारू लागला, जसं जाड कापड मशीनखाली आलं की शिंपी मारतो. मग व्यंकोजीने लक्ष ठेवून चालवायचं ठरवलं. लक्ष पायावर राहिलं आणि गाडी जाऊन कुंपणाच्या निवडुंगात घुसली. काटे अंबूबाईने काढले.

"भावजी, हेब्बाळऐवजी निवडुंगातच वळणार असाल तर मी सार इथेच वाढते," ती म्हणाली.

व्यंकोजी हसला, पण मन लावून नव्हे. आणखी तीन रविवार गेले होते. दोन रविवारी तो बसने गेला, सार थंड, आणि तानूबाईंची चूल गरम. तिसऱ्या रविवारी गेलाच नाही. विद्याला सातवा लागत होता. तिने नवऱ्याकडून, अरविंदकडून, निरोप पाठवला की अण्णा, तुम्ही त्रास घेऊ नका, मी इथलं खाते. त्या निरोपाने व्यंकोजी खचला. नागोजीला म्हणाला, "ते काढून टाक आणि गाडी विकून टाकू. मी बोलायला नको होतं त्या दिवशी."

नागोजीला त्या रात्री जेवण गेलं नाही. आयुष्यात त्याने बसवलेली वस्तू परत काढायची वेळ आली नव्हती, आणि आली ती जिवलग मित्राच्या बाबतीत.

सोमवारी तो व्यंकोजीच्या दुकानात जाऊन नुसता बसून राहिला. व्यंकोजी एक विजार शिवत होता. तो उजव्या हाताने मशीनचं चाक आपल्याकडे ओढी आणि पाय चालू होई. शिवण संपली की तळहात चाकावर ठेवी आणि पाय थांबे. चाक ओढलं, पाय चालू. हात ठेवला, पाय बंद. नागोजीने हे हजार वेळा पाहिलं असेल. आज तो उठला, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि म्हणाला, "व्यंकू, मशीन सोड. इकडे वळून स्टुलावर बैस."

"कशाला?"

"बैस तर. ही छत्रीची मूठ धर उजव्या हातात. आता रेस दिल्यासारखी आपल्याकडे पिळ."

व्यंकोजीने मूठ पिळली. खाली जमिनीवर त्याचा उजवा पाय चालू झाला.

दोघेही पायाकडे बघत राहिले. व्यंकोजीने मूठ सोडली. पाय थांबला. पुन्हा पिळली. पाय चालू.

"तीस वर्षं," व्यंकोजी हळूच म्हणाला, दुसऱ्या कुणाचा पाय बघत असल्यासारखा.

"तुला वाटतं तू गाडी चालवतोस," नागोजी म्हणाला. "तो बिचारा शिवतोय."

"मग आता? सवय मोडायची कशी?"

"तीस वर्षांची सवय तीन आठवड्यांत मोडत नाही. विद्याकडे इतके दिवस नाहीत. मोडायची कशाला? पायाला त्याचं काम देऊन टाकू."

नागोजी घरी गेला तो पळतच. दोन दिवस भाता आणि कानस थांबली नाही. उजव्या बाजूला पाय टेकायची जी लोखंडी दांडी होती ती त्याने काढली आणि तिथे ते बिडाचं नक्षीदार पायडल बसवलं. स्प्रिंग काढून टाकली, सळई काढून टाकली. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. पाय ठेवला की मोकळं पुढे-मागे डुलायचं, बस. गिअरच्या दांड्याला त्याने दोन वेगळ्या पट्ट्या दिल्या, एक टाचेची, एक चवड्याची, पण पायडलापेक्षा चार बोटं वर आणि जरा बाहेरच्या अंगाला. गिअर बदलायचा तर पाय पायडलावरून उचलून तिथे न्यावा लागे. आपोआप जाण्यासारखी ती जागाच नव्हती.

"याचा उपयोग काय?" प्रतापरावांनी खालच्या पायडलाकडे बोट दाखवून विचारलं.

"काही नाही," नागोजी म्हणाला.

"उपयोग नाही आणि इतकं पक्कं बसवलंस? निदान घंटी तरी जोड. पाय हलला की वाजेल."

"मी काय कुल्फी विकायला निघालोय?" व्यंकोजी म्हणाला.

त्याने किक मारली. पाय उचलून टाचेची पट्टी दाबली, पहिला गिअर पडला. पाय खाली आणला, मूठ पिळली. पाय डुलू लागला, टाच, चवडा, टाच, चवडा, आणि गाडी सरळ, गुमान, मैदानाच्या टोकापर्यंत गेली. तिथे त्याने पाय उचलून दुसरा टाकला. वळला. तिसरा टाकला. प्रतापरावांसमोरून जाताना त्याने मान जराशी झुकवली, दुकानासमोरून जाणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला झुकवतात तशी.

परवाना मिळायला आणखी दोन आठवडे गेले. तपासणी करणारा साहेब गाडीभोवती फिरला, वाकून खालच्या पायडलाकडे पाहिलं, आणि कानडीत विचारलं की हे काय आहे. व्यंकोजी म्हणाला, "पायाला विरंगुळा." साहेबाने 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणून सही केली.

त्या रविवारी अंबूबाईने सार उकळतं असतानाच डब्यात ओतलं, झाकणाला कणीक लावली आणि डबा जुन्या गोधडीत गुंडाळला. मागे बसायला सीट नव्हती, सामानाची जाळी होती. तिच्यावर उशी टाकून नागोजी बसला, गोधडीतला डबा पोटाशी धरून, तान्हं मूल धरावं तसा.

"हळू जा," तो म्हणाला.

"हळू गेलो तर निवेल."

वाटेतल्या राजवाड्याच्या भिंतीच्या कडेने गाडी निघाली तेव्हा नागोजीला पोटाला चटका बसत होता आणि त्याला तो फार बरा वाटत होता. तो वाकून बघे. खाली पायडल डुलत होतं, मोकळं, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. हेब्बाळच्या तळ्याच्या चढावर व्यंकोजीने पाय उचलला, गिअर खाली आणला, पाय परत ठेवला. नागोजीने डोळे मिटून घेतले. कर्र झालं नाही. त्याने डोळे उघडले.

विद्या अंगणातच होती, पोटावर हात ठेवून. आवाज ऐकून तानूबाई बाहेर आल्या. नागोजीला जाळीवरून उतरता येईना, पाय लाकडासारखे झाले होते, म्हणून डबा तानूबाईंनीच घेतला. कणीक सोडवून झाकण काढलं. वाफ त्यांच्या तोंडावर आली. त्यांनी मान मागे घेतली.

"वाटी आण गं," त्या विद्याला म्हणाल्या. मग स्वतःच आत जाऊन वाटी घेऊन आल्या, आणि चमचाभर आधी आपण चाखून म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

विद्याने ओसरीवर बसून दोन वाट्या सार प्यायलं. तिसरीला फुंकर घालत म्हणाली, "अण्णा, जीभ भाजली."

"भाजू दे," व्यंकोजी म्हणाला. तो खांबाला टेकून बसला होता आणि तोंडभर हसत होता.

तानूबाई त्याच्याकडे बघत होत्या. "व्याही, पाय दुखतो का तुमचा? मघापासून हलतोय."

व्यंकोजीने खाली पाहिलं. गाडीच्या मुठीचा जोर अजून हातात उरला होता बहुतेक. त्याने उजवा तळहात मांडीवर ठेवला आणि पाय थांबला.

पुढचा एकही रविवार चुकला नाही. मे महिन्यात विद्याला मुलगी झाली, कावेरी. तिची अंगडी-टोपडीही व्यंकोजी त्याच गाडीवरून घेऊन गेला. चामराजपेटेतल्या आणखी दोन शिंप्यांनी जुन्या गाड्या घेतल्या आणि नागोजीकडून तसंच मोकळं पायडल बसवून घेतलं. एका सोनारालाही हवं होतं, पण नागोजीने त्याला तुझा पाय बसूनच असतो म्हणून परत पाठवलं. कावेरीनंतर विद्याला आणखी दोन मुलगे झाले. त्या दोन्ही खेपांना तानूबाईंनी आदल्या दिवशीच निरोप धाडला की साराला मीठ बेताचं घाला, पण आणा तुम्हीच.

तानूबाई १९६३ साली आषाढात वारल्या. व्यंकोजी ७ फेब्रुवारी १९६७ रोजी, मंगळवारी, चामराजपेटेत आपल्या घरी वारला.