गोरा केलेला हात

लोकांच्या वेबसाइट बघायच्या म्हणजे पाहुणी म्हणून जायचं आणि हळूच त्यांच्या मांडणीवरची भांडी बघून यायची. भूमच्या आमच्या घरात, माडीवर, मी आणि माझी धाकटी जाऊ शिवकन्या दुपारभर तेच करत होतो. आमचा धंदा हलत्या चित्रांचा. लग्नाची, वास्तुशांतीची, गोंधळाची आमंत्रणं करतो. अक्षरं चालत येतात, दिवा पेटतो, आणि मोबाइलवरून गावभर जातं. याला मोशन ग्राफिक्स म्हणतात हे मला काम यायला लागल्यावर कळलं. शिकवायला कुणी नव्हतं. यूट्यूबवरची पोरं बोलायची, मी भाकरी थापत ऐकायची.

आता स्वतःची वेबसाइट करायची होती. आधी बाकीच्यांच्या बघू, कुठं काय ठेवतात ते कळेल, म्हणून बसलो. सगळीकडं एकच थाट. काळं पान, ही मोठाली इंग्रजी अक्षरं, आणि कॉफीचा मग धरून हसणारा एक दाढीवाला.

"अक्का, आपल्याला दाढीवाला कुठनं आणायचा?" शिवकन्या म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याला बसव की."

"त्यो हसत न्हाय."

एक गोष्ट मात्र पटली. जो तो आपलं सगळ्यात चांगलं काम पहिल्याच पानावर ठेवतो. सायट उघडली की ते आपोआप चालू होतं. आमचं तर ठरलेलंच होतं. दिवटी.

एका गोंधळाच्या आमंत्रणासाठी केलेलं काम ते. एक हात बुधलीतून दिवटीवर तेल सोडतो, ज्योत उठते, आणि ज्योतीतून कुलस्वामिनीचं नाव उमटतं. हात माझ्या सासूबाईंचा, धुरपदाबाईंचा; आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांना समोर बसवून एकेक चित्र काढलं होतं. विळा लागून वाकडी झालेली करंगळी, मनगटावर तुळशीचं हिरवं गोंदण, उन्हानं रापलेली कातडी. खाली कोपऱ्यात माझं नाव घालणार होते, तर त्यांनीच अडवलं. "देवीच्या परडीवर कुणी आपलं नाव घालतं का गं?" मला पटलं. नाही घातलं.

शिवकन्यानं पुण्यातल्या एका स्टुडिओची सायट उघडली. काळं पान आलं, आणि त्यावर तोच हात.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "ही आपली दिवटी हाय."

आपलीच होती. तीच ज्योत, तेच तेल, करंगळी तशीच वाकडी. फक्त गोंदण पुसलेलं. आणि हात गोरा केलेला. चोरलं असतं तर एक वेळ चोर म्हणून मोकळी झाले असते. पण चोरून वर धुतला त्यांनी! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की समोरचा लॅपटॉप उचलून खाली रस्त्यावर टाकावा वाटलं. लॅपटॉप आमचाच होता, म्हणून वाचला.

सायटीवरच्या नंबरवर फोन लावला. एक पोरगा बोलला, आवाज अगदी मऊ.

"मॅडम, दिवटी तर ट्रॅडिशनल आहे ना? ती काय तुमच्या मालकीची आहे का?"

"दिवटी देवीची. हात माझ्या सासूचा आहे."

तो हसला. "व्हॉट्सअॅपवर फिरत होतं ते, मॅडम. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. आम्ही उलट क्लीन करून घेतलं."

"क्लीन? घाण काय होती रे त्याच्यात?"

"तुम्ही मेल टाका, टीम बघेल." फोन बंद. परत लावला तर उचलला नाही. मूळ फाइल जोडून मेल टाकला. टीम अजून बघतेच आहे.

"आता आपल्या सायटीवर दिवटी नको," शिवकन्या म्हणाली. "त्यांची सायट आधीची हाय. लोक म्हणतील, भूमच्या बायांनी पुण्याचं ढापलं."

"म्हणजे माझं काम मीच लपवू?"

"माझ्यावर कशाला वरडता? म्या चोरलं का?"

बरोबर होतं तिचं, म्हणून आणखीच राग आला. आवाज ऐकून आत्याबाई जिना चढून वर आल्या. काय झालं विचारलं. मी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. त्यांनी हात बघितला, मग आपली करंगळी बघितली.

"बोट माझं हाय. कातडी कुणाची?"

शिवकन्यानं चित्र मोठं करून मनगट दाखवलं.

"माझी तुळस कुठं गेली गं? आईनं जत्रंत मांडीवर घेऊन गोंदवली हुती. लई रडले हुते मी." त्या स्क्रीनवर अंगठा घासत राहिल्या, जणू वरचा पांढरा रंग निघून येईल. मग पदर खोचला. "मोबाइल घी. खाली चल."

"आत्याबाई, आता कशाला?"

"चल म्हणते ना. त्यांनी चित्र न्हेलं. हात हितंच हाय."

दिवेलागणीची वेळ होती. देवघरासमोर बसून त्यांनी दिवटी पेटवली. मी मोबाइल धरला, शिवकन्यानं मागची ट्यूब बंद केली. आणि धरल्या धरल्याच मला आमचं पहिलं पान दिसायला लागलं: आधी हा खरा हात, गोंदणासकट, मग त्याच्यावरून फिरणारी माझी रेघ, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी ज्योतीतलं देवीचं नाव. रेघ कुठून आली ते ज्याला बघायचं त्यानं बघावं.

"खाली नाव घालू का, आत्याबाई?" मी विचारलं.

"घाल. परडी चोरणारे निघाले तर घालायलाच पायजे." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझं बी घाल. आन् हात काळाच ठिव."

"काळाच ठेवते."

त्यांनी बुधली उचलली, तेलाची धार सोडली. ज्योत उठली. मी मोबाइलवर घेतलं.

"त्या पुण्याच्या पोराला दिसंल का गं ह्ये?"

"दिसेल. मी स्वतः पाठवणार आहे."

"मग थांब," त्या म्हणाल्या, आणि बुधली पुन्हा कलती केली. ज्योत भडकून वर गेली, शिवकन्या मागं सरकली. मनगटावरची तुळस लख्ख दिसली.

"आता घी."