पांढरा पडलेला फोटो

लोकर कातरायच्या शेडमध्ये फ्लॅश मारायचा नाही, हे आमच्या न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मेंढी बुजते, लाथा झाडते आणि कातरणाऱ्याच्या हातातलं यंत्र कुठे जाईल याचा नेम राहत नाही. म्हणूनच गावच्या साप्ताहिकासाठी फोटो काढणारी ग्वेन ट्रेगार्थन आपली जुनी लेन्स सोडत नव्हती. पत्र्याच्या फटींतून येईल तेवढ्या उजेडावर तिचं भागायचं. फोकस हातानं जुळवावा लागे, रंग उडून आतलं पितळ दिसू लागलं होतं. साप्ताहिकाच्या संपादकानं नवी घे म्हणून तिचं डोकं खाल्लं होतं, पण बाई ढिम्म हलली नाही.

त्या हंगामात मेंढ्यांच्या मालकानं जाहिरातीसाठी सिडनीहून लॅक्लन नावाचा फोटोवाला आणला. आल्या आल्या त्यानं ग्वेनची लेन्स आजोबांच्या पेटीतली का, असं विचारून सगळ्यांना हसवलं. ग्वेननं त्याला फ्लॅशचं बजावलं. शहाण्यानं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

दुपारी ग्वेन कातरणाऱ्या डेस फाहीचे फोटो काढत असताना तिच्या डोळ्यांपुढे लख्ख झालं. डेसच्या पायांत धरलेली मेंढी उसळली आणि यंत्र त्याच्या डाव्या हातावरून गेलं. बाकीच्यांच्या माना खाली, यंत्रांची घरघर चालू. कुणी काही पाहिलं नाही. लॅक्लन म्हणाला, मी फ्लॅश लावलाच नव्हता. आणि ठेकेदार बार्नीनं काय करावं? जेवणात बिअर ढोसली असशील, असं त्यानं रक्ताळलेल्या डेसलाच सुनावलं आणि सामान आवर म्हणाला. पिऊन हात कापून घेतला असं एकदा नावावर लागलं, की पुढे कुठल्याही शेडमध्ये कुणी उभं करत नाही. ग्वेननं तोंड उघडलं, तर नव्या माणसावर जळते म्हणून तिलाच गप्प केलं.

ग्वेनचं डोकं फिरलं. तिनं लोकरीच्या टेबलावर कॅमेरा आपटला आणि फोटो एकेक करून दाखवले. आधीचा मंद, तपकिरी, डेसच्या मनगटावरची शीर न् शीर दिसणारा. नंतरचा जवळजवळ पांढराफटक.

लॅक्लन हसला. "जुनं भिंग आहे. दगा देणारच."

"दगा?" ग्वेन म्हणाली. "ही असेल तेवढाच उजेड घेते. हा एवढा कुणी आणला? मागच्या पत्र्यावर डेसची सावली बघ, कशी पडलीय. सूर्य काय तुझ्या खांद्यावर उगवला होता?"

लॅक्लन कोंडवाड्याच्या दारात उभा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सावली नेमकी त्याच्या उलट्या बाजूला पडली होती. तो बुटांकडे बघत राहिला.

बार्नी घसा खाकरत डेसकडे गेला. तुझी जागा तुझीच, हात बरा झाला की ये, म्हणाला.

डेसनं हाताला गुंडाळलेला टॉवेल घट्ट केला. "बार्नी, तुझ्या बापाच्या वेळेपासून मी इथं कातरतोय. कामावर कधी घोट घेतलेला पाहिलास मला? आणि तुला फोटो बघावा लागला."

डेस आपलं सगळं सामान घेऊन बाहेर पडला.