खुर्चीची दिशा

आमच्या संकेतस्थळावर सर्व धर्मांना जागा आहे. मुख्य लेखाला मात्र एकच. वर्धापनदिनी ती जागा 'मौनाच्या चार परंपरा' या माझ्या निबंधाची, असे मी गृहीत धरले होते. हे स्थळ मी आणि पत्नी जेवणाच्या टेबलावरून चालवतो. कोणत्याही पंथाचा, संस्थेचा वा गुरूचा आश्रय न घेता. संपादक या नात्याने अखेरचा शब्द तिचा. तिने आपल्या धाकट्या भावाचा लेख निवडला.

माझ्या या मेहुण्याने ग्रंथालय बहुधा बाहेरूनच पाहिले आहे. वाचकांची पत्रे मात्र त्यालाच येतात. त्याचे लेख वाचून लोकांचे डोळे भरून येतात, त्यांना रुसलेली भावंडे आठवतात. माझ्या लेखावर आजवर एकच पत्र आले. त्यात एका तळटिपेतला पृष्ठक्रमांक चुकल्याचे कळवले होते. तो चुकलेलाही नव्हता.

त्याच्या या लेखाचा विषय होता रुग्णालयातला सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष. तिथे ना मूर्ती, ना चिन्ह. फक्त हलवता येण्याजोग्या खुर्च्या. जो तो आपापल्या दिशेला खुर्ची फिरवतो आणि जाताना तशीच सोडतो. कधी मात्र नवा आलेला माणूस ती न हलवता, आधीच्या माणसाच्याच दिशेला तोंड करून बसतो, 'दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर म्हणून'. इथे माझ्या दाताखाली खडा आला.

"हे बनवलेलं आहे," मी म्हणालो.

"भावोजी, मी स्वतः पाहिलंय."

"बसलेलं पाहिलंस. आदर कुठे पाहिलास? मानेवर लिहिला होता?"

"अहो, खाल त्याला," पत्नी म्हणाली. "जाऊन पडताळून या. नियम तुमचाच आहे ना?"

नियम माझाच होता. लेखातला प्रसंग दुसऱ्याने प्रत्यक्ष जाऊन पडताळायचा, जे आढळेल ते जसेच्या तसे लिहायचे आणि पडताळणाऱ्याचे नाव लेखाखाली द्यायचे. दावा टिकला नाही, तर लेख बाजूला. बहुतेक नियमकर्त्यांप्रमाणे मीही तो इतरांसाठी केला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या कक्षात जाऊन बसलो. आलेल्या प्रत्येकाने खुर्ची फिरवली: कोणी खिडकीकडे, कोणी दाराकडे. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला की मला एखाद्या भक्तालाही होणार नाही असा आनंद होत होता. माझा निबंध परत आपल्या जागेकडे चालत येताना मला जवळजवळ दिसला.

मग एक बाई आल्या. हातात औषधांची पिशवी, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. घाईत घर सोडल्याची खूण. नुकत्याच बाहेर गेलेल्या माणसाने कोपऱ्याकडे वळवलेल्या खुर्चीत त्या तशाच बसल्या. समोर ओल आलेली भिंत. बराच वेळ बसून त्या उठल्या, तेव्हा मी ओळख देऊन, कोणासाठी लिहितो ते सांगून विचारले, "खुर्ची फिरवली नाहीत?"

"कुठे फिरवू?" त्या म्हणाल्या. "मला हे कधी जमलंच नाही. ज्याने ठेवली त्याला तरी माहीत असेल ना कुठे बघायचं ते. म्हटलं, आपण त्याच्या मागून बघू."

"हे छापलं तर चालेल?"

"छापा की. नाव नको."

मी हरलो नव्हतो. उलट हवे ते मिळाले होते. आदर नव्हताच. 'लेखात दिलेले कारण असत्य' एवढे चार शब्द लिहिले असते, तर लेख बाजूला पडला असता, आणि त्यात एक अक्षरही खोटे नसते. घरी पोचेपर्यंत ते चार शब्द मी मनात घोळवत होतो. अडचण एकच होती. त्या बाईंचे वाक्य माझ्या चारही परंपरांहून चांगले होते, हे मला कळत होते. इतकी वर्षे वाचून निदान तेवढे कळते.

मी सगळे लिहिले. दोन चपलांसह.

मेहुण्याने ते वाचले आणि त्याचा चेहरा असा उजळला की टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलून त्याच्यावर ओतावासा वाटला. "भावोजी, माझं कारण साफ चुकलंय! काय माणूस शोधलात!" त्याने 'आदर' खोडला आणि बाईंचे वाक्य तिथे ठेवले, त्याखाली स्वतःचा एक शब्दही न घालता. एवढी अक्कल त्याला आहे, हेही मला त्याच दिवशी कळले आणि अजिबात आवडले नाही.

"आता टिकतो ना लेख?" पत्नीने विचारले.

"टिकतो."

वर्धापनदिनी तो मुख्य जागी आला. पत्रांचा पूर लोटला. बहुतेकांनी तेच एक वाक्य उतरवून पाठवले होते आणि त्याबद्दल मेहुण्याचे आभार मानले होते. तो प्रत्येकाला कळवत राहिला की वाक्य त्याचे नाही. त्यावर लोकांनी त्याच्या नम्रतेचेही आभार मानले.

"तुमचं नाव पाहिलंत का खाली? 'पडताळणी' म्हणून," पत्नी म्हणाली.

"दिसलं. अक्षर बारीक आहे."

"ते तुम्हीच ठरवलं होतं."

"माहीत आहे," मी म्हणालो आणि निबंधाच्या पहिल्या तळटिपेपासून पुन्हा तपासायला बसलो.