खळी पडलेला दगड

मी दगड बोलतोय. हो, तोच, ज्याचं नाव घेऊन तुम्ही एकमेकांची अक्कल काढता. नदीकाठी निवांत पडलो होतो. एका गवंड्यानं उचललं आणि घरी आणून बायकोच्या पुढ्यात ठेवलं. ती बेकरीसाठी अक्रोड फोडून द्यायची. गर अख्खा निघाला की बेकरीवाला खूश, चुरा झाला की त्याची कुरकुर सुरू. मार मात्र दोन्ही वेळा मलाच!

पुढे गवंडी वारला. मुलाचं लग्न झालं, सून आली. एक दिवस तो मुलगा भांडून घराबाहेर पडला, तो पुन्हा फिरकलाच नाही. सासूला वाटे, हिनंच घालवला. सुनेला वाटे, ह्यांनीच. एका छपराखाली राहून दोघींनी अबोला धरला.

पण पोत्यातले अक्रोड थोडेच थांबतात? सासूच्या मनगटाला हातोडी पेलवेना. मग ती अक्रोड दोन बोटांत उभा धरी आणि खाली बघूनच म्हणे, "धरलाय. मार." सून मारी. दिवसभरात दोघींत बोलणं काय ते एवढंच.

एकदा हातोडी निसटली आणि नेमकी म्हातारीच्या अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं झालं. सुनेनं हातोडी टाकली.

"आई, फार लागलं का हो?"

"दगडाला विचार," म्हातारी म्हणाली.

सुनेला एकदम हसू फुटलं. म्हातारीनं तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसले. "माझंही चुकलंच गं," ती म्हणाली. काय चुकलं ते तिनं सांगितलं नाही आणि सुनेनंही विचारलं नाही. मग म्हातारीनं दुसरा अक्रोड उचलला, दुखऱ्याच हातानं. "धरलाय. मार."

आता खरं सांगतो. इतक्या वर्षांच्या मारानं माझ्या पाठीवर खळी पडली होती. अक्रोड तीत आपसूक ताठ बसायचा. धरायची गरजच उरली नव्हती, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी म्हातारी धरायची. सून तिच्या बोटांच्या इतक्या जवळ मारायची की माझाच जीव वरखाली व्हायचा. पण पुन्हा कधी लागलं नाही.

गेल्या महिन्यात म्हातारी गेली. अर्धं पोतं दाराशी तसंच पडून होतं.

त्यानंतर आज सून पहिल्यांदा माझ्यापुढे बसली. खळीत अक्रोड ठेवला. हातोडी उचलली आणि तशीच थांबली. अक्रोड जागचा हलत नव्हता, तरी तिचा हात खाली येईना. ती कशाची वाट बघतेय, हे माझ्याशिवाय त्या घरात कोणाला कळणार?

माझा आवाज तिला ऐकू जात नाही. तरी म्हणतोच. धरलाय, पोरी. मार.