बाईंच्या शिफारशी आणि मी

मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. वाचनालयाच्या दारातून आत आलात की डाव्या हाताला, खिडकीखाली उभी असते ती मीच. हल्लीची मंडळी मला रॅक म्हणतात. म्हणू देत बापडी. माझ्या फळ्या तिरप्या बघून तुम्हाला वाटेल की सुतार कच्चा होता. तर मित्रांनो, तसं मुळीच नाही. मला बनवलं होतं चपलांच्या दुकानासाठी. बूट ऐटीत तोंड पुढे करून बसावेत म्हणून हा तिरपेपणा. पण दुकानदारानं ऐनवेळी पाठ फिरवली आणि सुतारानं मला वाचनालयाच्या गळ्यात मारलं. माझ्यावरून पुस्तकं घसरायची. सगळ्यांनी नाकं मुरडली आणि माझ्यावर ओल्या छत्र्या अन् जेवणाचे डबे ठेवायला सुरुवात केली. कितीतरी वर्षं मी तशीच काढली.

मग बाई आल्या. बाई म्हणजे इथल्या ग्रंथपाल. लोकांना गप्प बसवायचं काम त्यांचं, आणि त्यांचंच हसू रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. वाचनालयात तेव्हा सिनेमांच्या आणि मालिकांच्या सीडी नव्यानं आल्या होत्या. लोक त्या उलटसुलट करून बघायचे आणि काही न घेता निघून जायचे. बाईंनी एके सकाळी माझ्यावरच्या छत्र्या उचलल्या, ओल्या फडक्यानं मला पुसलं आणि सीडीची एक डबी माझ्या फळीवर टेकवली. ती घसरली नाही. अगदी बुटासारखी तोंड पुढे करून बसली. बाई म्हणाल्या, "बघा, हिला कुणी नीट कामच दिलं नव्हतं." हे ऐकून मला काय वाटलं, ते मी कोणत्या तोंडानं सांगू!

त्या दिवसापासून इथल्या प्रत्येक ग्रंथपालानं स्वतःला आवडलेले सिनेमे आणि मालिका माझ्यावर मांडायच्या, असं ठरलं. विनोदी, कौटुंबिक, रहस्यमय असले कप्पे बाईंना पसंत नव्हते. त्या म्हणायच्या, घरून निघताना माणूस आज रहस्यमय बघू असं ठरवून निघत नाही. तो निघतो डोकं फिरलंय म्हणून, नाहीतर घर खायला उठलंय म्हणून. तेव्हा माझ्या फळ्यांवर पाट्या लागल्या त्या अशा: 'भांडण झाल्यावर', 'ताप उतरत असताना', 'सासूबाई शेजारी बसल्या असतील तर', 'ज्यात कुणीच मरत नाही', आणि सगळ्यात खाली, 'पोटभर रडायचं असेल तर'.

बाईंचा नियम कडक होता. शेवटपर्यंत बघितल्याशिवाय शिफारस नाही. आणि प्रत्येक डबीबरोबर चिठ्ठी, ती स्वतःच्या हातानं लिहिलेली, स्वतःच्या शब्दांत, खाली नाव न घालता. सीडी घरी नेली की चिठ्ठीही बरोबर जायची आणि तिच्याबरोबर परत यायची. बाईंचं अक्षर मोठं, उजवीकडे कललेलं, घाईत पळणारं. त्या लिहायच्या: 'पहिला अर्धा तास कंटाळा येईल. मी उठून भांडी घासून आले. तुम्हीही घासा, पण परत या.' एका मालिकेवर लिहिलं होतं: 'सातवा भाग सोडला तरी चालेल. तो लिहिणाऱ्यालाही आवडला नसावा.' आणि एका सिनेमावर: 'नायक बावळट आहे, पण मनानं चांगला. आमच्या घरी असाच एक होता.' लोक चिठ्ठ्या वाचत उभ्याउभ्या हसायचे. बसचे एक ड्रायव्हरकाका तर सीडी न घेता नुसत्या चिठ्ठ्या वाचून जायचे. माझा भाव असा वधारला की विचारू नका.

काही वर्षांनी एक नवी मुलगी कामाला लागली. तिला सगळे धाकटी म्हणत. तिची पहिली चिठ्ठी बाईंनी तशीच परत केली. म्हणाल्या, हे तर डबीवर छापलंय, तू काय बघितलंस ते लिही. धाकटी रात्रभर फुगून बसली असणार, कारण दुसऱ्या दिवशी डोळे सुजवून आली आणि झकास चिठ्ठी लिहून दिली. तेव्हापासून दोघींचं असं जमलं की डबासुद्धा एकीनं उघडायचा आणि दुसरीनं संपवायचा.

आता पुढचं सांगताना माझा जीव वरखाली होतो. एका सिनेमावर बाईंची जुनी चिठ्ठी होती, तरी बाईंनी त्याच्यासाठी दुसरी लिहून आणली. काल पहिल्यांदाच बघितला म्हणाल्या. धाकटीनं दुसरी चिठ्ठी खिशात टाकली. मग बाई पाट्या उलटसुलट लावू लागल्या. मग एक दिवस घरी जायचा रस्ता विचारला. त्यानंतर त्या कामावर आल्या नाहीत. निरोपाचा कार्यक्रमसुद्धा झाला नाही, कारण निरोप कशाचा ते त्यांना कळलं नसतं.

पुष्कळ दिवसांनी बाईंचा मुलगा त्यांना घेऊन आला. घरी बसून त्या नुसत्या भिंतीकडे बघतात, म्हणून जरा फिरवायला आणलं होतं. बाई धाकटीला म्हणाल्या, "अहो ताई, इथे सिनेमे मिळतात का?" धाकटीला आयुष्यात कधी त्यांनी अहो म्हटलं नव्हतं. तिनं नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. स्वतःच लिहिलेली चिठ्ठी हातात घेतली, 'भांडी घासून आले' असं लिहिलेली तीच, आणि खळखळून हसल्या. तेच हसू, मित्रांनो! म्हणाल्या, ही कोण बाई आहे कोण जाणे, पण माझ्या मनातलं बोलते. मुलगा बिचारा आनंदानं सांगून बसला की आई, हे तूच लिहिलंयस, तू इथेच होतीस. आपण कुठेतरी इतकी वर्षं होतो आणि आपल्याला ठाऊकच नाही, याची बाईंना इतकी भीती वाटली की त्या चिठ्ठी टाकून दाराकडे धावल्या. त्यानंतर त्यांना हे पुन्हा कुणी म्हणून सांगितलं नाही.

पण त्या येत राहिल्या. दर आठवड्याला एक सीडी आणि एक चिठ्ठी. मुलगा धाकटीला सांगायचा की आई घरात कुणाशी बोलत नाही, मला ओळखत नाही, पण सिनेमा लावला की चिठ्ठी मांडीवर घेऊन तिच्याशी गप्पा मारते. बरोबर सांगितलंस गं, म्हणते. जगात त्यांना एकच मैत्रीण उरली होती, आणि ती माझ्या फळ्यांवर राहत होती. मी तिरपी का होईना, पण अंग घट्ट आवळून तिला सांभाळत होते.

अशात वरच्या कार्यालयातून तपासणीची नोटीस आली. सीडी आता नेतं कोण, ही मांडणी काढून टाका, असं मागच्या खेपेलाच साहेब बोलून गेले होते. धाकटीनं कंबर कसली. मला नवं पॉलिश केलं. मग तिची नजर चिठ्ठ्यांवर गेली. हाताळून हाताळून त्या मऊ झाल्या होत्या, कडा फाटल्या होत्या, चिकटपट्टी पिवळी पडली होती. त्या कुजून गेल्या तर बाईंचे शब्दच जातील, अशी तिला धास्ती वाटली. म्हणून तिनं बसून एकेक चिठ्ठी टाईप केली, जाड कागदावर छापली, वर प्लास्टिकचं आवरण चढवलं. बाईंचं एक अक्षरही बदललं नाही, असं सगळ्यांना अभिमानानं सांगत होती. मजकूर जपला की सगळं जपलं, हे ग्रंथपालाचं शिक्षण. जुन्या चिठ्ठ्या तिनं रद्दीत घातल्या. मी ओरडले असते. पण लाकडाला कोण विचारतं!

साहेब खूश झाले. मी वाचले.

पुढच्या आठवड्यात बाई आल्या. नेहमीसारख्या पुढे झाल्या, एक चिठ्ठी उचलली, वाचली. ठेवली. दुसरी उचलली. मग सगळ्या फळ्यांवरून हात फिरवत राहिल्या, अगदी खालच्या फळीपर्यंत वाकून. शेवटी त्या धाकटीकडे वळल्या.

"शब्द तिचेच आहेत," त्या म्हणाल्या. "पण हे तिनं नाही लिहिलेलं. कुणीतरी मागाहून उतरवलंय. ताई, ती गेली का हो?"

धाकटीला खरं सांगायची सोय नव्हती. ती म्हणाली, "हो बाई. गेल्या."

बाईंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. त्यांनी विचारलं, "तिच्या घरी कुणी आहे?"

दारापाशी उभा असलेला मुलगा म्हणाला, "मुलगा आहे."

"त्याला सांगाल? म्हणावं, तुझ्या आईनं मला फार सोबत केली."

"सांगतो," तो म्हणाला.

त्या दिवशी बाईंनी सीडी नेली नाही. नंतर त्या कधीच आल्या नाहीत. धाकटी दुसऱ्याच दिवशी रद्दीच्या दुकानात गेली होती. तिथे कसल्या चिठ्ठ्या आणि कसलं काय! बाईंच्या अक्षराची नक्कल करत ती कितीतरी कागद लिहायची आणि फाडायची. मुलगा मध्ये येऊन सांगून गेला, आई बरी आहे, जेवते, पण टीव्ही लावू देत नाही. दुखवट्यात टीव्ही लावत नाहीत, म्हणते.

मित्रांनो, माझं आता काय व्हायचं ते होवो. मला मोडलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त एक ऐका. घरातल्या कुणाचं अक्षर एखाद्या कागदावर असेल, मग तो किराणा आणायचा कागद असो की डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी, तर तो मळका दिसला म्हणून नीटनेटका करायला जाऊ नका. आहे तसाच राहू द्या. ते माणूस अजून त्या कागदावर असतं, आणि कुणीतरी त्याला भेटायला येणार असतं.