भीमराजसाठीची कुलपं

विचारलेल्याला सरळ उत्तर द्यायचं नाही, हा आमच्या थोरल्या प्रज्ञेशचा गुण कुणाकडून आला ठाऊक नाही. माझ्याकडून तर नक्कीच नाही. मी डबा घेऊन जवळा बाजार गावच्या जिनिंग मिलवर पोचले तेव्हा फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या, आणि हा वजनकाट्याच्या खोलीत कॉम्प्युटरकडं बघत बसलेला.

"काहून थांबल्या रे गाड्या?"

"ठेव डबा. जेवतो नंतर."

तेवढ्यात मॅनेजर किसनराव दारात आले. "भागूबाई, तुमीच सांगा ह्याला. गेल्या हप्त्यापर्यंत वजनाची चिठ्ठी झटक्यात निघत होती. दुपारपर्यंत सुधरलं न्हाई तर उद्यापासून आपली वही अन् पेन. हा घरी."

याच जिनिंगवर याच्या बापानं वीस वर्षं कापसाच्या गठाणी उचलल्या. इथं खुर्चीवर बसून काम करणारा आमच्या घरातला हा पहिला. किसनराव गेले, तरी मी टेकले नाही.

"काय केलंस त्या यंत्राला?"

मग बोलला. प्रोग्राम त्यानंच लिहिलेला. दर चिठ्ठीला तो हंगामाच्या साऱ्या नोंदी अक्षर-अक्षर वाचतो. गेल्या आठवड्यात यानं तो नव्यानं बांधला, एका वेळी दोन काट्यांचं काम चालावं असा. तेव्हापासून प्रोग्राम प्रत्येक अक्षराआधी कुलूप लावतो, वाचून झालं की काढतो. दुसऱ्यानं मधेच हात घालू नये म्हणून. त्या लावण्या-काढण्यातच सारा वेळ जातो.

"दुसरा कोन हाय आत?"

"सध्या कोनी न्हाई."

"मंग कुलपं कोनासाठी?"

"आई, तयारी असलेली बरी. दुसरा काटा बसला, अन् भीमराज आला की..."

भीमराज माझा धाकटा. दोघा भावांनी दोन काटे सांभाळायचे, असं यांचं ठरलं होतं. त्याला पुण्याला जाऊन तीन वर्षं झाली. तिथंच घर घेतल्याचं त्याचं पत्र मागच्या महिन्यात आलं. मला कुठं धड वाचता येतं. प्रज्ञेशनंच वाचून दाखवलं होतं, एकदा नाही, दोनदा. आणि त्यानंतर यानं हा दोघांचा प्रोग्राम बांधला.

बाहेर गाडीवाले ओरडून राहिले होते. तो माझ्याकडं बघेना.

"पहिलं, बिनकुलपाचं, हाय का ठेवलेलं?"

"हाय."

"तेच लाव. एकट्याचं काम हाय, एकट्यानंच बराबर कर. भीमराज आता येत नसतो, प्रज्ञेश."